पाडळशिंग्याचा सांधा

मंगळवारी सकाळी पाडळशिंग्याचं रेडकू पुन्हा गाडीला लागलं नाही.

कोल्हापूरच्या नियंत्रण कक्षात शिवांजली चौगुले पडद्यावरचे दोन ठिपके बघत होती. पुढचा ठिपका म्हणजे पाडळशिंगे स्टेशनातून सुटलेला एकटा डबा. मागचा म्हणजे कोल्हापूरहून आलेली सहा डब्यांची गाडी. दोन्ही पंचगंगेच्या पुलावर होते आणि मधलं अंतर कमी होत होतं. चाळीस मीटर, पंचवीस, बारा. मग मागचा ठिपका लाल झाला. गाडीनं आपणहून करकचून ब्रेक लावला होता. डबा एकटाच पुढे गेला आणि रुकडीच्या बाजूच्या रुळावर जाऊन उभा राहिला.

"कारण?" मागे उभ्या असलेल्या केळुसकरांनी विचारलं. विश्वंभर केळुसकर हे जोडशहर रेल्वेचे मुख्य अभियंता होते.

"तेच, साहेब. मधल्या जागेत अज्ञात वस्तू."

"पक्षी?"

"यंत्र पक्षी म्हणतंय. पण आपण पुलावर पाखरं हाकलायचे भोंगे बसवले. पाखरं गेली, वस्तू गेली नाही."

केळुसकरांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी सुरक्षा आयुक्त येताहेत. तोवर हे सुटलं नाही, तर मी पाडळशिंगे वगळून बाकीच्या पाच स्टेशनांची मंजुरी मागणार. तुमचं गाव आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला आधी सांगतोय."

"तात्पुरतं वगळणार?"

"कागदावर सगळं तात्पुरतंच असतं," केळुसकर म्हणाले आणि निघून गेले.

शेजारच्या दोन शहरांमधली रेल्वे नेहमी एकाच ठिकाणी हरते, थांब्यावर. ताशी सव्वाशे किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीला एका स्टेशनासाठी वेग उतरवावा लागतो, थांबावं लागतं, पुन्हा वेग धरावा लागतो. यात चारेक मिनिटं जातात. कोल्हापूर ते सांगली या पट्ट्यातले सगळे थांबे घेतले की गाडी मोटारीपेक्षा उशिरा पोचते आणि लोक मोटार काढतात. थांबे गाळले की मधल्या गावांच्या तोंडाला पानं पुसली जातात. कित्येक वर्षं वेळापत्रकं या दोन टोकांमध्ये हेलकावे खात होती. २०३९ साली जोडशहर रेल्वेनं प्रश्नच उलटा केला. गाडी कुठंच थांबणार नव्हती, थांबणार होते ते डबे.

गाडी यायच्या जरा आधी स्टेशनातला डबा प्रवासी घेऊन, स्वतःच्या बॅटरीवर, त्याच रुळावर पुढे सुटतो. वेग घेतो. मागून येणारी गाडी त्याला गाठते आणि चालता चालता जोडून घेते. मधलं दार उघडतं, माणसं गाडीत जातात. ज्यांना पुढच्या गावी उतरायचं असेल ती चालत शेवटच्या डब्यात जाऊन बसतात. तो डबा गावाच्या अलीकडे सुटतो आणि हळूहळू स्टेशनात येऊन थांबतो. पुढून चढायचं, मागून उतरायचं. गाडी एकसारखी धावत राहते आणि कुठलंच गाव वगळावं लागत नाही.

कागदोपत्री या डब्याचं नाव 'उपगामी डबा' होतं. पण ज्या शहरात भर चौकात म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात, तिथं त्याला रेडकू म्हणायला लोकांना एक दिवससुद्धा लागला नाही.

खरी अडचण अंतराची होती. पुढची गाडी क्षणात भिंतीसारखी उभी राहील असं धरून मागची गाडी किलोमीटरभर दूर ठेवायची, हा रेल्वेचा जुना नियम. वास्तविक धावती गाडी भिंतीसारखी थांबूच शकत नाही. तिलाही थांबायला अंतर लागतं. दोघांनी एकाच क्षणी सारखाच ब्रेक लावला, तर मध्ये चार-पाच मीटर असले तरी पुरतात. त्यासाठी दोघांना एकमेकांची बातमी पापणी लवायच्या आत मिळायला हवी. ती रेडिओ देतो. आणि रेडिओ खोटं बोलला तर? म्हणून गाडीच्या नाकावर लेसरचा डोळा बसवलेला असतो. तो मधली जागा एकसारखी तपासतो. रिकामी दिसली तर गाडी पुढे सरकते. काहीही दिसलं, तर डब्याचा एखादा भाग निखळला असं समजून गाडी मागे हटते. शंका आली की थांबायचं, हा नियम शिवांजलीनंच लिहिला होता.

बाकी पाच स्टेशनांवर हा सांधा दर वेळी बिनचूक होत होता. पाडळशिंग्यालाही वाळूची पोती भरून घेतलेल्या सगळ्या चाचण्या निर्वेध झाल्या. गावातली माणसं हौसेनं बसू लागली आणि बिघडलं. कधी सांधा व्हायचा, कधी नाही. जपानी सल्लागारांना प्रवाशांच्या फोनचा संशय आला. सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा केले. फरक पडला नाही. मग वजन हलतं म्हणून कुणी जागचं हलायचं नाही असं ठरलं.

"पोती बसली तवा गाडी शानी, आनी मानसं बसली की येडी," गावात लोक म्हणू लागले. "तर आता आमी पोत्यागत बसायचं."

पोत्यासारखे बसले. तरी गाडी थांबलीच.

पाडळशिंग्यात शिवांजलीचे आईवडील राहत. आप्पांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना मिरजेच्या दवाखान्यात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. घरी बसवायची यंत्रं निघाली होती, पण आप्पांच्या हृदयाकडे बघून डॉक्टरांनी त्याला नकार दिला होता. एसटीनं कोल्हापूर, तिथून दुसऱ्या एसटीनं मिरज, आणि परत तसंच. एक दिवस प्रवासात जाई, दुसरा दिवस त्या प्रवासाचा शीण उतरण्यात. तोवर तिसरा दिवस उजाडे. रेडकू लागलं तर मिरज अर्ध्या तासाच्या आत होतं.

आणि नाही लागलं तर काय, तेही ठरलेलं होतं. दवाखान्याजवळ भाड्याची खोली बघून ठेवली होती. पाडळशिंग्याच्या घराला कुलूप लागणार होतं. दोन म्हशींसाठी जयसिंगपूरचं गिऱ्हाईक सोमवारी संध्याकाळी येणार होतं. आप्पा या सगळ्याला "बरं" म्हणाले होते. आप्पा कुठल्याच गोष्टीला भांडल्याशिवाय बरं म्हणत नसत, त्यामुळे तो "बरं" शिवांजलीच्या मनातून जात नव्हता.

गुरुवारी आप्पांचा गुडघा सुजला. त्यांना एकटीनं चढवणं आईला जमणार नव्हतं, म्हणून शिवांजलीनं रजा घेतली आणि त्यांच्याबरोबर रेडकात बसली. पोत्यांच्या चाचण्यांत तिनं या डब्यातून प्रवास केला होता. माणसांबरोबर कधीच नाही. माणसं बसत तेव्हा ती पडद्यासमोर असे.

"खिडकीला बस," आई म्हणाली. गाव तिला अक्काताई म्हणे.

"आप्पांना बसू दे."

"मला काय बघायचंय?" आप्पा म्हणाले. "नदी काय पळून जाती व्हय?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "शिवाक्का, आज तू हाईस म्हंजे गाडी भिऊन तरी सरळ चालंल."

"ती मला भीत नाही, मामा. मीच तिला भिते."

डबा हसला. हसता हसताच सुटला, कारण आवाज जवळजवळ नव्हताच. ऊस मागे सरकू लागला. मागच्या काचेतून दूरवर गाडीचं पांढरं नाक दिसायला लागलं. मग पूल आला. महापुरांनंतर उंच उचलून बांधलेला, दोनेक किलोमीटर लांब, सरळ रेघेसारखा. खाली पंचगंगा जानेवारीतल्या निवांतपणानं वाहत होती. डब्यातलं बोलणं आपोआप थांबलं.

आईनं पिशवीत हात घालून शेवंतीची दोन फुलं काढली. एक शिवांजलीच्या तळहातावर ठेवलं.

"घे."

शिवांजलीनं फूल कपाळाला लावलं, गजातून हात बाहेर काढला आणि सोडून दिलं. लहानपणी आप्पांच्या सायकलवरून, पुढे कॉलेजच्या एसटीतून, दर वेळी पूल आला की तिचा हात असाच बाहेर जायचा. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

तिनं मान वळवली तेव्हा डब्याच्या सगळ्या खिडक्यांतून हात आत येत होते.

फुलं सरळ खाली पडायला हवी होती. पडली नाहीत. डब्याच्या कडेनं मागे गेली, कोपऱ्यावर वळली आणि डब्याच्या पाठीमागे शिरली. कारण तिला ताबडतोब कळलं. वेगानं जाणारा डबा आपल्या पाठीशी हवेची पोकळी सोडतो. ती भरायला बाजूची हवा आत धावते आणि हलकं जे सापडेल ते घेऊन येते. डबा आणि गाडी यांच्यामध्ये पाच-सहा पिवळी फुलं कुणी ओवाळावीत तशी क्षणभर फिरली. गाडीचं नाक किंचित खाली वाकलं आणि मागे मागे जाऊ लागलं.

"गेली बघ पुना," आप्पा म्हणाले.

शिवांजलीच्या बोटाला एक पाकळी चिकटलेली होती.

चौकशीत प्रत्येक प्रवाशाला विचारलं गेलं होतं, पुलावर तुम्ही काय करत होता? प्रत्येकानं सांगितलं होतं, काही नाही, गप बसलो होतो. कुणीही खोटं बोललं नव्हतं. नदीला फूल टाकणं म्हणजे काही करणं, असं पाडळशिंग्यात कुणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. आता तिलाही विचारलं असतं तर तिनं तेच उत्तर दिलं असतं.

"फूल?" दुसऱ्या दिवशी कार्यालयात केळुसकर म्हणाले.

"शेवंतीचं. कधी झेंडूचं. वारा आडवा असला की मध्ये शिरत नाही, तेव्हा सांधा होतो. कालच्यातलं एक फूल मी टाकलं. अहवालात तसं लिहिलंय."

केळुसकरांनी अहवाल हातात घेतला, वाचला आणि बऱ्याच दिवसांनी हसले. "जपानी सल्लागारांना हे कसं कळवायचं?" मग ते पुन्हा गंभीर झाले. "खिडक्यांना जाळी?"

"आपत्कालीन खिडक्या आहेत, गजासकट बाहेर ढकलायच्या. जाळी लावली की डब्याची मान्यता नव्यानं घ्यायची. आठ-दहा महिने."

"सांधा पुलानंतर घेऊ."

"पुलानंतर लगेच वळण आहे. वळणावर डोळ्याला सरळ दिसत नाही."

"मग डोळा पुलापुरता मंद करा. मुठीएवढी वस्तू दिसली तर सोडून दे म्हणावं. एक ओळ बदलायची, सोमवारच्या आत होईल. तुमचं गाव वाचेल."

एक ओळ बदलायला शिवांजलीला पाच मिनिटंही लागली नसती. आणि कुणाला कळलंही नसतं.

"डब्याच्या बुडातला तुटलेला बोल्टही मुठीएवढाच असतो, साहेब."

"फूल आणि बोल्ट वेगळे ओळखायला शिकवा त्याला."

"शिकवता येईल. पण ओळखायला त्याला जो वेळ लागेल, तेवढ्यात गाडी बोल्टावर चढलेली असेल. त्या डब्यात माझे वडील बसतात. डोळा मंद केलात तर चाचणीवर माझी सही मिळणार नाही."

केळुसकरांनी मान हलवली. त्यांना बहुधा हेच उत्तर अपेक्षित होतं. "मग एकच उरतं. लोकांना सांगा, फूल टाकू नका."

"म्हंजे माझ्यापायी गाडी थांबती असं लिवलंस?" त्या संध्याकाळी घरी आईनं विचारलं.

"माझंही नाव लिहिलंय, आई."

"तुझं ऱ्हाऊ दे. तुझी नोकरी हाय ती." अक्काताई गोठ्याच्या दारात बादली घेऊन उभी होती. "मी नदीला नवस बोललीया. ह्यास्नी नेताना एक फूल, आनताना एक फूल. ह्यांचं बरं चाललंय ते मिरजंच्या मशीननं का नदीनं, मला ठावं न्हाई. मला दोनीबी सोडायचं न्हाई."

"नदीत घाण होते ती वेगळीच."

"पिशवी टाकती का मी? एक फूल टाकती. कारखान्याचं पानी सोडत्यात त्यास्नी जाऊन सांग की."

शिवांजलीनं बादली घ्यायला हात पुढे केला. आईनं ती दिली नाही.

"न्हाई तर ऱ्हायली तुझी गाडी," आई म्हणाली. "आमी यष्टीनं जातो. न्हाईतर त्या खोलीत मरतो जाऊन. चल, सर बाजूला, धारंचा टाइम झाला."

आप्पा बाजेवर पडून सगळं ऐकत होते. "दोघी एका मापाच्या हाईत," ते छताकडे बघून म्हणाले.

आप्पांचं आजारपण आल्यापासून धार आईच काढे. तिनं रेडकू सोडलं. ते धडपडत जाऊन म्हशीच्या कासेला लागलं. आई शेजारी उकिडवी बसली, बादली गुडघ्यात धरून, दोन्ही हात मोकळे. ती काहीच करत नव्हती. शिवांजली बघत राहिली. मघाशी फणकारलेली बाई हीच का, असं वाटावं इतकी ती शांत होती. म्हैस पान्हावली, तिचे कान सैल पडले, तेव्हा आईनं रेडकू ओढून बाजूला बांधलं आणि मग धारेचा आवाज बादलीत घुमायला लागला.

"आई, रेडकू लागायच्या आधी धारेला का बसत नाहीस?"

"आधी बसून काय? म्हस दूध चोरती. थांबावं लागतं."

"रोज थांबतेस?"

"हे काय इचारनं झालं?"

शिवांजली गोठ्यात आत आली. "नदीशी बोललीस तेव्हा फूल कधी टाकीन म्हणाली होतीस?"

"कधी म्हंजे? पुलावर."

"पुलावर कुठं? अलीकडं की पलीकडं?"

धार थांबली. आईनं वळून बघितलं.

"सांधा व्हायला अर्धा पूल लागतो," शिवांजली म्हणाली. "पुढचा अर्धा शिल्लक असतो. तोवर डबा गाडीला चिकटलेला असतो, मध्ये फटच नसते. फूल कुठं शिरणार? आधी लागू दे. मग टाक."

अक्काताई विचारात पडली. म्हशीनं शेपूट मारलं तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"नदी काय," ती शेवटी म्हणाली, "अर्ध्या पुलाच्या पल्याडबी तीच हाय."

बाजेवरून आप्पा म्हणाले, "पन तुला कळायचं कसं, लागलं म्हनून?"

"घंटा वाजवीन," शिवांजली म्हणाली. "सांध्याचं कुलूप बसलं की डब्यात घंटा वाजेल. त्याच्या आधी कुणीही हात बाहेर काढायचा नाही."

"एकट्या तुझ्या आईनं थांबून काय उपेग?" आप्पा म्हणाले. "सारा गाव टाकतो."

शनिवारी संध्याकाळी ती दूध संस्थेत गेली. त्या वेळी पाडळशिंग्यातलं कुणीही दुसरीकडे कुठं नसतं. किटल्या घेऊन सगळा गाव रांगेत उभा होता. तिनं काट्याशेजारी उभं राहून काय होतं ते सांगितलं. फुलं कुठं जातात, गाडी का थांबते, सोमवारी काय ठरणार आहे.

पहिल्यांदा हशा पिकला.

"फुलाला भिनारी गाडी!" एकजण म्हणाला. "वाघाला भिली असती तर समजलो असतो."

"भिते म्हणूनच तुम्ही तिच्यात बसू शकता," शिवांजली म्हणाली. "न भिणारी गाडी मी करून देऊ शकते. त्यात मी बसणार नाही."

"मग आता नदीला फूल टाकायचं तुमच्या कंपनीची परवानगी काढून?" रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. "माझा आज्जा टाकायचा. त्याला कुनी घंटा वाजीवली नव्हती."

कुजबुज वाढली. तेवढ्यात अक्काताईनं आपली किटली खाली ठेवली.

"तात्या," ती म्हणाली, "तुमच्या आज्जाच्या टायमाला मिरजंला जायला बैलगाडी हुती. तुमची नात उद्या कॉलेजला कशानं जानार? फूल टाकू नगा म्हनती का पोरगी? थांबा म्हनती. देवळात आरती संपंस्तवर परसादाला थांबताच की न्हवं?"

"परसादाला थांबतो," तात्या म्हणाले, "कारन पुजारी आदी देत न्हाई."

"मग आता गाडी आदी देत न्हाई."

रांग हसली. तात्याही हसले. ठराव वगैरे काही झाला नाही. दूध मोजून झालं तसे लोक पांगले. कोण थांबेल आणि कोण नाही, हे शिवांजलीला त्या संध्याकाळी सांगता आलं नसतं.

केळुसकरांनाही पटलं नव्हतं. "माणसांच्या संयमावर यंत्रणा उभी करायची?"

"चुकलं तर गाडी थांबेल. इजा कुणाला होणार नाही. यंत्रणा माझ्या नियमावरच उभी आहे, साहेब. माणसांवर फक्त थांबा उभा आहे."

"एकच फेरी मिळेल," केळुसकर म्हणाले. "आयुक्त डब्यात असतील."

सोमवारी सकाळी पाडळशिंग्याच्या फलाटावर रेडकू उभं होतं आणि आत बसायला जागा नव्हती. सुरक्षा आयुक्त सुनयना मुखेडकर ठरल्या वेळेला आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. गावातल्या बायकांनी त्यांना कुंकू लावलं, हातात शेवंतीचं फूल दिलं. त्या आप्पा आणि अक्काताईंच्या समोरच्या बाकावर, खिडकीशी बसल्या. शिवांजली आणि केळुसकर मधल्या वाटेत उभे राहिले. दाराच्या वरच्या पट्टीवर, मागच्या गाडीचं अंतर लाल आकड्यांत दिसणार होतं.

"नादुरुस्तीचं कारण मी वाचलं," मुखेडकर शिवांजलीला म्हणाल्या. "माझ्या नोकरीत असं कारण पहिल्यांदा वाचलं. उपाय मात्र मला उपाय वाटत नाही. बघू."

डबा सुटला. ऊस मागे गेला. पट्टीवर आकडे उमटले आणि उतरू लागले. पूल आला, नदी आली. शिवांजलीनं खिडक्यांकडे पाहिलं. प्रत्येक खिडकीशी एकेक मूठ होती, गजाच्या आत, घट्ट मिटलेली. तात्यांच्या दोन मुठी होत्या. सगळे पट्टीकडे बघत होते.

चाळीस. पंचवीस. मागच्या काचेत गाडीचं नाक भरून आलं. वीस. सोळा.

पट्टीकडे न बघणारी डब्यात एकच व्यक्ती होती. मुखेडकर नदीकडे बघत होत्या. उन्हात चमकणारं पाणी खाली सरकत होतं आणि त्यांचा चेहरा सैल पडला होता, कुठंतरी लांब गेल्यासारखा. त्यांचा उजवा हात वर उठला. फूल कपाळाला लागलं. हात गजाकडे निघाला.

शिवांजलीला दिसलं, पण ती दोन पावलं लांब होती. केळुसकरांनी डोळे मिटून घेतले.

अक्काताईनं बसल्या जागेवरून वाकून आयुक्तांचं मनगट धरलं.

"ओ बाई! थांबा. अजून लागलं न्हाई."

मुखेडकरांनी आधी मनगटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुठीकडे. हात गजातून निम्मा बाहेर होता. अक्काताईनं तो तसाच धरून ठेवला. बारा. ज्या आकड्यावर आजवर सगळं मोडलं तो आकडा पट्टीवर आला आणि गेला. आठ. पाच. दोन.

भरलेली घागर जमिनीवर टेकवावी इतपत आवाज झाला. डबा किंचित शहारला. मग घंटा वाजली. स्वच्छ, एकदाच.

कुणीच हलेना. इतका वेळ थांबलेल्या लोकांना आता सुचेनासं झालं होतं.

"टाका की आता!" आप्पा ओरडले.

सगळे हात एकदम बाहेर गेले. आख्ख्या डब्याची फुलं एकदम सुटली आणि या वेळी त्यांना वळायला कोपरा सापडला नाही. गाडीच्या कडेकडेनं, सहाही डब्यांच्या बंद काचांवरून ती पिवळी रांग मागे धावत गेली. आतले कोल्हापूरचे प्रवासी उठून काचेला नाक लावून बघू लागले. गाडीच्या शेपटापाशी फुलं हवेत विखुरली आणि तिथून सावकाश, फिरत फिरत, पाण्यावर उतरली. गाडीचा वेग तेवढाच होता. मधलं दार उघडलं आणि गार हवेचा झोत आला.

तात्या उठून दारात गेले, एक पाय रेडकात आणि एक गाडीत ठेवून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "लागलं गड्यांनो!" डब्यात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

मुखेडकरांच्या हातात फूल अजून तसंच होतं.

"मी नांदेडची," त्या शिवांजलीला म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता. "गोदावरी आली की आमचे हात असेच निघतात. मला कळलंच नाही." मग अक्काताईकडे वळल्या. "तुम्ही धरलं नसतंत तर?"

"तर माझ्या म्हशी गेल्या असत्या," अक्काताई म्हणाली.

आयुक्तांना त्याचा अर्थ लागला नाही. शिवांजलीनं दोन वाक्यांत सांगितला. पूल संपत आला होता, शेवटची कमान खालून सरकत होती.

"टाकू आता?" त्यांनी विचारलं.

"टाका, टाका. हाय अजून नदी."

फूल गेलं. मुखेडकरांनी ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं आणि केळुसकरांना म्हणाल्या, "माणसांना थांबवता येत नाही, असं मी इथं येताना धरून चालले होते. आज मला थांबवलं गेलं. सहाही स्टेशनांचा अहवाल द्या. पाच नाही, सहा. घंटा मात्र जरा मोठी करा."

केळुसकर "हो" म्हणाले आणि खाली बघून हसले. शिवांजलीनं वाटेतला दांडा घट्ट धरला होता, तो तिनं आता सोडला.

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. गाडी ऊसपट्ट्यातून मिरजेकडे धावत होती. फोनवर पलीकडे जयसिंगपूरचं गिऱ्हाईक होतं.

"पावनं, आज येऊ नगा," आप्पा म्हणाले. "न्हाई, न्हाई. इकायच्या न्हाईत म्हशी. कोन बघनार म्हंजे? मी हाय की! आता चाललोय मिरजंला. सांजच्या धारंला घरी हाय मी."